इंजिनाला तहान लागली, म्हणून गाव वसलं

ओसाड गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पडका वाडा, पिंपळ आणि रात्री बाराला पैंजण वाजवत जाणारी बाई उभी राहते. रेल्वेचं ओसाड गाव एवढं हौशी नसतं. तिथं कोरडा पाण्याचा हौद असतो, पिवळी पाटी असते, पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची असते आणि फलाटाच्या फटीतून वर आलेली बाभूळ असते. भुताच्या जागी एक कारण असतं, तेही बहुतेक वेळा अगदी फुटकळ: इंजिन बदललं, रुळांतलं अंतर बदललं, घाटात नवा रस्ता सापडला. असल्या एवढ्याशा कारणावर हजारो माणसांची वस्ती उभी राहते आणि तेवढ्याशाच कारणानं उठूनही जाते. याचे मासले बघायला जालन्याहून निघू.

पलटण गेली, गाडी राहिली

जालन्यात 1827 साली छावणी पडली. फौजेचं नाव हैदराबाद कंटिंजंट. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. पुढची पाऊणशे वर्षं बंगले, बराकी, परेडचं मैदान, बाजार असा सगळा थाट होता. 1901 च्या शिरगणतीत जालन्याची लोकसंख्या 20,270 आणि कुंडलिका नदीपलीकडच्या कादराबाद पेठेची 11,159 नोंदली आहे.

याच सुमारास गाडी आली. मनमाड ते हैदराबाद अशी 391 मैलांची हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. आता पलटणीला कूच करायला बैलगाड्या नकोत, थेट डब्यात बसा! पण 1902 मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपयांवर इंग्रजांकडे कायमचं गेलं आणि कंटिंजंट ही वेगळी फौजच मोडीत निघाली. 1903 मध्ये जालन्याची छावणी उठली. गाडी येते न येते तोच तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गाव सोडून गेलं.

गंमत बघा, मराठवाड्यात अशी छावणी हिंगोलीत होती आणि मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईतही होती. तिन्ही ठिकाणची फौज तेव्हाच गेली. हिंगोलीला गाडी पोचली 1912 मध्ये, म्हणजे बँड वाजून गेल्यावर. अंबाजोगाई शहरात ती अजून पोचायची आहे. तिघांमध्ये फौज जाण्याआधी गाडी मिळाली ती एकट्या जालन्याला.

आणि तेच कामी आलं, असं माझं मत. फौजेवर जगणारं गाव फौज गेली की बसतं. जालना बसलं नाही, कारण कापूस, धान्य आणि बागांतली फळं बाहेर न्यायला दारात गाडी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ज्ञानकोशातही जालन्याच्या बागांमधून भरपूर फळं बाहेर जातात अशी नोंद आहे. पुढं शंभरेक वर्षांनी, 2016 मध्ये, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जालनेकर अजून छाती फुगवून सांगतात. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 2 लाख 85 हजारांवर होती. म्हणजे आपल्या यादीतलं हे पहिलं गाव ओसाड होता होता वाचलेलं.

‘मीटर’ आला, पण शेर-मैलांच्या राज्यात

जालन्याची लाईन मीटरगेज होती. दोन रुळांमध्ये अंतर बरोबर एक मीटर. आता विचार करा, ज्या काळात कापड वारावर, धान्य शेरावर आणि रस्ता मैलावर मोजला जायचा, त्या काळात रूळ तेवढे मीटरवर कसे? 1870 च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारला वाटलं की हिंदुस्थानात आता दशमान मापं येणारच, तर रूळ आधीच त्या मापाचे टाकून ठेवू. मापं आली स्वातंत्र्यानंतर, 1956 च्या कायद्यानं. रूळ तोवर पार म्हातारे झाले होते.

मीटरगेज स्वस्त पडायची, हे खरं. पण मनमाडला मुंबईची मोठी लाईन होती 1,676 मिलिमीटरची. दोन्हींचं जमायचं कसं? मग मनमाडला प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवायची, पाठीवर घ्यायची आणि दुसऱ्या डब्यात चढवायची. जालन्याहून मुंबईला निघालेल्या माणसालाही हेच: बोचकं उचला, मुलं मोजा, गाडी बदला. रुळांतल्या 676 मिलिमीटरच्या फरकानं मनमाडच्या हमालांच्या कित्येक पिढ्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

1990 च्या दशकात या लाईनचं रुंदीकरण झालं. देवगिरी, तपोवन, नंदिग्राम या गाड्या मराठवाड्यातून थेट मुंबईला जाऊ लागल्या. आपण पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. मात्र गेज बदलल्यावर काही ठिकाणी काय झालं ते बघायला जालन्याहून खाली, परभणीच्या पुढं जावं लागतं.

पूर्णा: रात्री दोनला दार वाजायचं

पूर्णा हे मीटरगेजचं मोठं जंक्शन. मनमाड-सिकंदराबाद लाईन इथून जायची आणि हिंगोली, वाशीम, अकोल्याकडची लाईन इथून फुटायची. वाफेच्या इंजिनांचं लोकोशेड इथं होतं. आता वाफेचं इंजिन म्हणजे सोन्याची अंडी देणारी पण फार खादाड कोंबडी. दर काही मैलांवर तिला पाणी हवं. कोळसा हवा. राख काढायला माणूस हवा, बॉयलर धुवायला माणूस हवा, नळ्या खरवडायला माणूस हवा. ठरावीक अंतरानंतर ड्रायव्हर आणि फायरमन बदलायला हवेत, त्यांना झोपायला रनिंग रूम हवी, तिथं स्वयंपाकी हवा. त्या सगळ्यांना क्वार्टर हवीत, क्वार्टरमधल्या पोरांना शाळा हवी, दवाखाना हवा, किराणा हवा, न्हावी हवा. एका इंजिनाच्या तहानेपासून धरत गेलात की अख्खं गाव तयार होतं.

अशा गावातला माझा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे कॉलबॉय. नावात बॉय, पण मिशा पिकलेल्या. मोबाइल नाही, फोन नाही. मग रात्री दोनच्या मालगाडीवर ड्यूटी असलेल्या ड्रायव्हरला उठवायचं कुणी? कॉलबॉय कंदील आणि रजिस्टर घेऊन क्वार्टरच्या दारावर थाप मारायचा आणि ड्रायव्हरनं उठल्याची सही केल्याशिवाय दारातून हलायचा नाही. सही घेण्यामागं हिशेब होता: गाडी लेट झाली तर झोप कुणाची लागली होती हे कागदावर असायचं. एका घराच्या थापेनं शेजारची चार घरं जागी व्हायची, ते वेगळंच.

दुसरी चीज टोकनची. एकेरी लाईन, म्हणजे समोरासमोर दोन गाड्या यायची भीती. त्यावर उपाय म्हणजे लोखंडी पेटीतून निघणारा एक गोळा. तो गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हरनं पुढच्या स्टेशनाकडं जायचं नाही, आणि दोन स्टेशनांच्या मधल्या लाईनीसाठी एका वेळी गोळा निघणार एकच. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. न थांबणारी गाडी असली की खलाशी फलाटावर कडं उंच धरून उभा राहायचा आणि फायरमन धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते दंडात अडकवून घ्यायचा. त्याच झटक्यात मागच्या स्टेशनाचं कडं खाली फेकायचा. नेम चुकला तर गाडी थांबवा आणि रुळांत गोळा शोधत बसा!

डिझेल आलं आणि पाणी, कोळसा, राख ही कामं संपली. सिग्नल विजेवर गेले आणि गोळे संपले. मनमाड-पूर्णेची लाईन मोठी झाली, 2008 मध्ये पूर्णा-अकोलाही मोठी झाली. 2003 मध्ये नवा रेल्वे विभाग झाला तेव्हा त्याचं मुख्यालय नांदेडला गेलं. पूर्णा गाव आजही नांदतं आहे, बाजार आहे, गाड्याही थांबतात. सुकली ती रेल्वे कॉलनी. जिथं कधी क्वार्टर मिळावं म्हणून वशिले लागायचे, तिथल्या कितीतरी क्वार्टरांची कौलं आणि चौकटी आता जागेवर नाहीत.

रेल्वेचीच बस

छोटी स्टेशनं एसटीनं मारली असं म्हणतात. निजामाच्या मुलखात या एसटीची आजी खुद्द रेल्वेच होती. जून 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेनं 27 बस आणि 166 कर्मचारी घेऊन रस्ता वाहतूक विभाग सुरू केला. बस गावाच्या वेशीपर्यंत जायची. गाडीचं तसं नव्हतं. स्टेशनाच्या नावामागं ‘रोड’ लागलेलं दिसलं की हुशार माणूस समजायचा, गाव अजून लांब आहे, टांगा बघा. मानवत रोड हे त्यातलं नमुनेदार उदाहरण. बसचं बोट धरून रेल्वेनं स्वतःचंच गिऱ्हाईक रस्त्यावर आणून सोडलं.

धुळघाट: जिथं आता फक्त वाघाला सिग्नल

रुंदीकरणानं सुकलेल्या गावांपेक्षा रुंदीकरण न झाल्यानं उठलेलं स्टेशन जास्त देखणं आहे. अकोल्याहून खंडव्याकडं जाणारी मीटरगेज सातपुड्यातून, मेळघाटच्या जंगलातून जायची. वान रोड, धुळघाट अशी स्टेशनं. धुळघाटाजवळ चढ इतका की इंजिनाला सरळ चढणं अशक्य. मग इंजिनिअरांनी लाईन गोल फिरवून स्वतःच्याच अंगावरून पलीकडं नेली. खिडकीत बसलेल्या पोराला काही मिनिटांपूर्वी आपण जिथून आलो तेच रूळ खाली दिसायचे आणि आईला प्रश्न पडायचा की गाडी परत फिरली की काय.

या लाईनीवरून एके काळी मीनाक्षी एक्स्प्रेस जयपूरहून थेट हैदराबादेपर्यंत जायची, सबंध प्रवास मीटरगेजवरून. मधल्या काळात मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. अकोला-खंडवा मीटरगेज 2016-17 च्या हिवाळ्यात बंद झाली. मोठी लाईन त्याच जंगलातून टाकायची की नाही यावर वन्यजीवप्रेमी, रेल्वे आणि राज्य सरकार यांच्यात बरीच खणाखणी झाली. शेवटी जंगलाला वळसा घालून सोनाळा-जामोदच्या बाजूनं जायचा मार्ग पुढं आला. अकोला-अकोट हा टप्पा 2022 मध्ये मोठ्या लाईनीवर सुरू झाला. धुळघाटचा गोल मात्र गाडीविना राहिला. वाघांच्या दृष्टीनं बघितलं तर झालं ते बरंच झालं, असं मी म्हणेन. गाडीप्रेमी मित्र यावर माझ्याशी भांडतात.

छत्री, घोडा आणि बार्शी

आता थोडं हलकं. बार्शी लाईट रेल्वे बांधणारा इंग्रज एव्हरार्ड कॅलथ्रॉप. रुळांतलं अंतर अडीच फूट. 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, 1911 मध्ये लातूर गाठलं. हाच गृहस्थ पुढं पहिल्या महायुद्धाच्या काळात पायलटांसाठी पॅराशूट बनवत बसला, नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’. त्यातून वेळ उरला तर अरबी घोडे पाळायचा. घोड्यांवर त्याचं एक पुस्तकही आहे. त्याची छोटी लाईन मोठी झाली तेव्हा मार्ग बदलला, धाराशिव नकाशावर आलं आणि लातूरचं भर वस्तीतलं जुनं स्टेशन रिकामं झालं. लातूरकर पत्ता सांगताना अजून त्या जुन्या स्टेशनाची खूण सांगतात.

आणि शकुंतला! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला धाडण्यासाठी टाकलेली. किलिक निक्सनच्या कंपनीची ही लाईन स्वातंत्र्यानंतरही कंपनीच्याच मालकीची राहिली. गाड्या आपली रेल्वे चालवायची आणि कंपनीला पैसे मोजायची. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन इथं 15 एप्रिल 1994 पर्यंत राबलं. मधल्या स्टेशनांवर माणसं इतकी कमी की गार्डच तिकीट फाडायचा. आता गाडी बंद आहे आणि दर निवडणुकीत ती न चुकता पुन्हा सुरू होते.

खंडाळा: गाडी तोंडघशी यायची

मुंबई-पुण्याच्या घाटात 1863 मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ डोंगराच्या टोकाशी एक स्टेशन होतं. तिथं रूळ संपायचे, पुढं दरी. गाडी आत शिरायची, इंजिन सुटायचं, मागच्या बाजूला जोडलं जायचं आणि गाडी उलट्या तोंडानं पुढचा घाट चढायची. म्हणून ते रिव्हर्सिंग स्टेशन. 1929 मध्ये नवा मार्ग झाला, उलटसुलट बंद झालं आणि ते स्टेशनही गेलं.

हा घाट बांधताना ऐन कामाच्या काळात 40 हजारांहून जास्त मजूर होते. आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी माणसं झोपड्यांत, डोंगराच्या उतारावर. पटकी यायची आणि टोळ्याच्या टोळ्या घेऊन जायची. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. मग त्याची बायको ॲलिस हिनं ठेका हातात घेतला आणि तिच्या व्यवस्थापकांनी काम तडीला नेलं. काम झाल्यावर त्या मजुरांच्या वस्त्या गेल्या त्या गेल्याच. नावं ठेकेदारांची राहिली.

थोडं परदेशी, थोडं दक्षिणी

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात थर्मंड नावाचं गाव आहे. कोळशाच्या भरभराटीत इथून इतका माल जायचा की सिनसिनाटी आणि रिचमंड ही शहरं मिळूनही मागं पडायची. गावाचा मुख्य रस्ता म्हणजे रूळच. तिथल्या हॉटेलात पत्त्यांचा एक डाव 14 वर्षं चालला अशी आख्यायिका सांगतात. आपल्याकडच्या गणपतीतल्या जागरणांनी मान खाली घालावी. डिझेल इंजिन आलं आणि पाणी-कोळसा भरायचं थर्मंडचं कामच संपलं. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 5. पूर्णेचा हा सख्खा भाऊ, फक्त नशिबानं कच्चा.

तमिळनाडूतल्या धनुष्कोडीला मात्र इंजिनानं मारलं नाही. तिथं 1914 पासून बोट मेल या गाडीचे उतारू उतरून सिलोनच्या बोटीत बसायचे. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळ आलं, स्टेशनात शिरणारी पॅसेंजर गाडीच लाटेखाली गेली, शंभरावर माणसं गेली. त्यानंतर सरकारनं ते गाव राहण्यास अयोग्य ठरवलं.

पुन्हा जालन्यात, नव्या हिशेबानं

जालन्याची गंमत अजून संपलेली नाही. डिसेंबर 2015 मध्ये इथं ड्रायपोर्टचं भूमिपूजन झालं. समुद्र कुठं, जालना कुठं, पण बंदर मंजूर! 30 डिसेंबर 2023 ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि जालना पहिल्यांदा एवढ्या रुबाबदार गाडीचं शेवटचं स्टेशन झालं. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, ऑगस्ट 2025 मध्ये, ती नांदेडपर्यंत वाढली आणि जालनेकरांना रिकाम्या गाडीत चढायचं सुख गमवावं लागलं. ऑगस्ट 2024 मध्ये जालना-जळगाव या 174 किलोमीटरच्या नव्या लाईनीला केंद्रानं मंजुरी दिली, खर्चाचा अंदाज 7,105 कोटी रुपये. ही लाईन अजिंठ्याच्या बाजूनं जाईल. जुन्या काळी त्याच अजिंठ्याला जाणारे पाहुणे पाचोरा-जामनेर या पिटुकल्या गाडीनं पहूरला उतरायचे. ती गाडी 2020 च्या टाळेबंदीत थांबली.

हे सगळं बघायला जायचं असेल तर सोपं आधी करा. जालना आणि पूर्णा एकाच लाईनीवर आहेत, एका दिवसात होतात. पूर्णेची रिकामी क्वार्टरं रेल्वेची मालमत्ता आहेत, आत शिरून छताखाली उभं राहू नका. फोटो बाहेरूनही चांगला येतो. धुळघाटला वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका, तिथं खरोखर वाघ आहे. पाण्याची बाटली घरून भरून न्या, कारण इंजिनासाठी बांधलेले हौद केव्हाच आटले आहेत. आणि परतीच्या पॅसेंजरची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. लहान स्टेशनांवर दिवसाला मोजून दोन-चारच गाड्या थांबतात.